सोलमध्ये शिकताय? चांगदॉक्गुंग राजवाडा आणि मागची हुवॉन बाग पाहायची तर असं करा

सोलला शिकायला आलेल्या मुलांची पहिली राजवाडा-भेट बहुतेक ठरलेली असते. ओरिएंटेशनच्या आठवड्यात कुणीतरी ग्रुपवर मेसेज टाकतं, रविवारी वीस जण ग्यॉन्गबोक्गुंगला जातात, पहारा बदलण्याचा सोहळा बघतात, फोटो काढतात आणि तीनला भूक लागली म्हणून बाहेर पडतात. त्यानंतर वर्षभर कुणी राजवाड्याचं नाव काढत नाही.

त्यात वाईट काही नाही, पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी चार दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाकडे नसते. आठवड्यातला वार तुम्ही निवडू शकता. वर्ग नसलेली एक सकाळ तुम्हाला मिळू शकते, आणि चांगदॉक्गुंग अशाच सकाळी पाहण्याची जागा आहे. पाहण्याआधीची खटपट मात्र थोडी गोंधळात टाकते. ती एकदा समजून घेतली की पुढे काहीच अवघड नाही.

## १. आधी ठरवा: कोणता राजवाडा?

सोलमध्ये जोसॉन या कोरियाच्या जुन्या राजघराण्याचे पाच राजवाडे आहेत. सर्वांत मोठा आणि गर्दीचा ग्यॉन्गबोक्गुंग. त्याची आखणी सरळ रेषेत आहे, एकामागे एक दरवाजे आणि दालनं. चांगदॉक्गुंग त्याच्या पूर्वेला, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. राजा थेजोंगने तो १४०५ मध्ये बांधून घेतला आणि आखणी डोंगराच्या उताराप्रमाणे ठेवली. त्यामुळे आत गेलात की समोर काही सरळ दिसतच नाही. उजवीकडे वळा, मग डावीकडे, आणि मग एक अंगण उघडतं.

१५९२ च्या जपानी स्वारीत सोलचे राजवाडे जळाले. त्यानंतर चांगदॉक्गुंग पुन्हा उभा राहिला, पण ग्यॉन्गबोक्गुंग १८६० च्या दशकापर्यंत पडीकच होता. म्हणजे मधली सुमारे अडीचशे वर्षं राज्यकारभार इथूनच चालला. १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला तोही हाच. एकच राजवाडा नीट पाहायचा असेल तर माझं मत चांगदॉक्गुंगला, आणि ते मुख्यतः मागच्या बागेमुळे. तिला हुवॉन म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी बिवॉन हेही नाव ऐकाल, बाग तीच.

## २. वार आणि महिना निवडा

चांगदॉक्गुंग सोमवारी बंद असतो आणि ग्यॉन्गबोक्गुंग मंगळवारी. हे दोन वार उलटसुलट लक्षात ठेवून बंद दारासमोर उभी राहिलेली मुलं दर सेमिस्टरला दिसतात. सोमवारी सरकारी सुट्टी आली तर राजवाडा उघडा राहतो आणि बंदचा दिवस पुढे सरकतो.

उघडण्याची वेळ सकाळी ९. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी. थंडीत दिवस लवकर संपतो, तेव्हा ‘लेक्चर झाल्यावर जाऊ’ हा बेत फसतो.

महिन्यांचा हिशोब असा. मार्चच्या शेवटी राजवाड्यात लाल मेह्वा, म्हणजे प्लमची झाडं फुलतात. एप्रिलच्या सुरुवातीला चेरी. कोरियन मुलं गमतीने म्हणतात की चेरीचा बहर म्हणजेच मिडटर्म, आणि ते खरं आहे, परीक्षा त्याच सुमाराला असते. जूनच्या अखेरपासून जवळजवळ महिनाभर जांगमा, म्हणजे इकडचा पावसाळा. कोकणातून आलेल्यांना तो पाऊस किरकोळ वाटेल, पण बागेतल्या दगडी पायऱ्या निसरड्या होतात. पानगळीचे रंग ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरमधली मिडटर्म उरकली की लगेचचा आठवडा यासाठी राखून ठेवा. जानेवारीत उणे दहा तापमान असलं तरी बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर गर्दी जवळपास नसते.

## ३. तिकीट: खरी गुंतागुंत इथे आहे

तिकिटं दोन आहेत, आणि हेच पुष्कळांना माहीत नसतं.

राजवाड्याचं तिकीट. हे लिहिताना मोठ्यांसाठी ३,००० वॉन, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. बुकिंग लागत नाही. दारावरच्या खिडकीवर किंवा मशीनवर मिळतं.

हुवॉनचं तिकीट. आणखी ५,००० वॉन. हे एकटं चालत नाही, राजवाड्याचं तिकीट हवंच. बागेत ठरलेल्या वेळीच सोडतात, मार्गदर्शकासोबत, आणि प्रत्येक फेरीला मर्यादित माणसं. इंग्रजी फेऱ्या दिवसातून मोजक्याच असतात.

बुकिंग राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर, भेटीच्या सहा दिवस आधी, सकाळी १० वाजता उघडतं. इंग्रजी पानही आहे. शरद ऋतूत शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता जातात. मंगळवार ते शुक्रवारच्या सकाळच्या फेऱ्या एरवी आरामात मिळतात, म्हणून तर वर्ग नसलेली सकाळ म्हटलं.

ऑनलाइन मिळालं नाही तर हार मानू नका. काही तिकिटं त्याच दिवशी खिडकीवर विकतात, आधी येईल त्याला. नऊच्या आधी दहा-पंधरा मिनिटं जाऊन उभे राहा आणि मिळेल त्या फेरीचं तिकीट घ्या. मधल्या वेळेत राजवाडा बघून होतो.

पैसे वाचवण्याच्या वाटा आणि त्यांतल्या खाचाखोचा:

- तुमचा चोवीस वर्षांचा कोरियन वर्गमित्र फुकट आत जाईल आणि तुम्हाला तिकीट काढावं लागेल. २४ वर्षांपर्यंतची माफी कोरियन नागरिकांना आहे, परदेशी माणूस १९ व्या वर्षापासून मोठ्यांत धरला जातो. खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही.
- महिन्याच्या शेवटच्या बुधवारी राजवाड्याला प्रवेश मोफत असतो. बागेचं तिकीट त्या दिवशीही काढावं लागतं.
- हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून गेलात तर राजवाडा मोफत. बागेचे पाच हजार तरीही द्यायचे.

दर बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

## ४. सोबत काय ठेवायचं

- रेसिडेन्स कार्ड. अजून हातात आलं नसेल तर पासपोर्ट. राजवाड्यासाठीच नाही, परदेशी माणसाने कोरियात ओळखपत्र कायम जवळ बाळगावं असा कायदाच आहे.
- बुकिंगचा स्क्रीनशॉट. रांगेत उभं राहून मेलमध्ये शोधाशोध नको.
- टी-मनी, म्हणजे मेट्रो-बसचं कार्ड, आणि थोडी रोख रक्कम. कार्डात पैसे भरायला स्टेशनवरच्या मशीनवर किंवा कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये बऱ्याचदा रोखच मागतात. भारतीय डेबिट कार्डाच्या भरवशावर राहू नका.
- नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप. सोलमध्ये पायी रस्ता दाखवण्यात गुगल मॅप्स बेभरवशाचं आहे.
- पापागो, भाषांतरासाठी. पाट्यांचे फोटो काढून वाचता येतात.
- पाण्याची बाटली. बागेत खायला परवानगी नाही, पाणी चालतं.
- चांगल्या पकडीचे बूट. सपाट चपला घरी ठेवा.

ड्रोन नेऊ नका. हा शहराचा असा भाग आहे की तिथे तो उडवणं महागात पडेल.

## ५. पोचायचं कसं

मेट्रोची लाइन ३, स्टेशन आन्गुक, दार क्रमांक ३. वर आलात की त्याच रस्त्याने सरळ पूर्वेकडे चालत राहा. पाच-सात मिनिटांत डाव्या हाताला दोन मजली लाकडी दरवाजा दिसतो. तो दोन्ह्वामुन, राजवाड्याचं मुख्य प्रवेशद्वार. सिनचोन, होंगदे, ईदे अशा लाइन २ वरच्या भागांतून येणाऱ्यांनी उल्जिरो ३-गाला लाइन ३ पकडायची, तिथून आन्गुक दुसरं स्टेशन.

आता महत्त्वाचं. हुवॉनची फेरी या दरवाज्यापाशी सुरू होत नाही. बागेचं दार आत, शेजारच्या चांगग्यॉन्गगुंग राजवाड्याकडे जाणाऱ्या हाम्यांगमुन दरवाज्याजवळ आहे. दोन्ह्वामुनपासून तिथवर चालायला दहा मिनिटं लागतात, वाटेत फोटो काढत गेलात तर वीस. अकराच्या फेरीला अकराला मुख्य दरवाज्यावर पोचणं म्हणजे फेरी चुकणं. निदान अर्धा तास हातात ठेवा.

## ६. हानबोक घालायचा का?

आन्गुक आणि ग्यॉन्गबोक्गुंगच्या आसपास भाड्याने देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. तासांवर भाडं असतं आणि उशिरा परत केलं की जादा पैसे. सवलतीसाठी वर चॉगोरी, म्हणजे आखूड जाकीट, आणि खाली घागरा किंवा पायजमा, दोन्ही हवेत. जीन्सवर नुसतं जाकीट चढवून चालत नाही.

फोटो सुंदर येतात, मजाही येते. पण ज्या दिवशी बागेची फेरी आहे त्या दिवशी हानबोक नको, असंच मी सांगेन. घागऱ्याच्या आत फुगवायची कडी असते. ती सांभाळत चढउतार करायचे, दगडी पायऱ्या उतरायच्या, आणि मार्गदर्शक पुढे निघून गेलेला असतो. शिवाय घड्याळ दुकानाच्या भाड्याचं. हानबोकसाठी दुसरा दिवस काढा, तुम्ही तर इथेच राहता.

## ७. राजवाड्यात काय पाहायचं

आत गेल्यावर लगेच एक दगडी पूल लागतो, गुम्चॉन्ग्यो. १४११ सालचा आहे. सगळे त्याच्यावरून तरातरा निघून जातात. थांबून बाजूला वाका आणि कमानींच्या मधली कोरीव शिल्पं पाहा.

मग इन्जॉन्गजॉन, सिंहासनाचं दालन. अंगणात दोन्ही बाजूंना छोटे दगडी खांब उभे आहेत, त्यांवर अधिकाऱ्यांच्या श्रेणी कोरलेल्या आहेत. कुणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं. आत डोकावलात तर सिंहासनाच्या वर विजेचे दिवे आणि खिडक्यांना काच व पडदे दिसतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शेवटचा सम्राट सुन्जोंग इथे राहायला आला, तेव्हाचे हे बदल आहेत. बाजूच्या सॉन्जॉन्गजॉनचं छप्पर निळ्या कौलांचं आहे. सोलच्या राजवाड्यांत निळ्या कौलांची इमारत एवढीच उरली आहे.

पुढे हुइजॉन्गदांग. त्याच्या पुढच्या बाजूला मोटार येऊन थांबावी असा पोर्च आहे, कोरियन राजवाड्यात हे पाहून क्षणभर गोंधळायला होतं. सुन्जोंगकडे मोटारी होत्या. त्यांतली कॅडिलॅक आणि डेमलर आज ग्यॉन्गबोक्गुंगच्या आवारातल्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहेत.

हुइजॉन्गदांग आणि मागचं देजोजॉन १९१७ च्या आगीत जळालं. ते पुन्हा बांधताना जपानी राजवटीने ग्यॉन्गबोक्गुंगमधली राजाराणीची निवासस्थानं उतरवून ते लाकूड इथे आणलं, १९२० मध्ये काम पुरं झालं. ग्यॉन्गबोक्गुंगमध्ये आज त्या जागी दिसणारी दालनं १९९५ मध्ये नव्याने बांधलेली आहेत. दोन्ही राजवाडे पाहणार असाल तर हे डोक्यात ठेवा, काय जुनं आणि काय नवं याचा अंदाज येतो. देजोजॉनलगतच्या ह्युंगबोकहॉनमध्ये १९१० च्या ऑगस्टमध्ये शेवटची मंत्रिपरिषद बसली आणि देश जपानच्या ताब्यात देण्यावर शिक्कामोर्तब झालं. बाहेरून अगदी साधी खोली आहे. कोरियन पर्यटक तिथे थोडे जास्त वेळ थांबतात.

सगळ्यांत शेवटी, पण न चुकता, नाक्सॉन्जे. १८४७ मध्ये राजा हॉन्जोंगने बांधलेलं हे घर रंगवलेलंच नाही, लाकूड उघडं. खिडक्यांच्या जाळीचे नमुने जवळ जाऊन पाहा, एकासारखा दुसरा नाही. सुन्जोंगची सावत्र बहीण राजकन्या दॉकहे १९६२ मध्ये जपानहून परतली ती पुढे इथे राहिली आणि १९८९ मध्ये इथेच वारली. ओसरीच्या खाली काळवंडलेली चुलीसारखी तोंडं दिसतील. तिथे लाकडं पेटवायची, धूर आणि ऊब फरशीखालून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर. या पद्धतीला ओंदोल म्हणतात. तुमच्या वन-रूममध्ये, म्हणजे भाड्याच्या खोलीत, डिसेंबरात फरशी गरम होते ती ओंदोलच, फक्त आता आगीऐवजी गरम पाण्याच्या नळ्या असतात. गॅसचं बिल पाहून जीव वर येतो तो भाग वेगळा.

## ८. बागेची फेरी

राजवाड्याच्या अर्ध्याहून जास्त जागा ही बाग आहे. बाग म्हटल्यावर फुलांचे ताटवे डोळ्यांसमोर आणू नका. हा खरं तर डोंगर आहे, जुनी झाडं, ओढे, आणि मधेमधे तळी व छोटे मंडप.

उतार उतरलात की बुयोंगजी. चौकोनी तळं, मध्ये गोल बेट: पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल या समजुतीवरून. एका काठावरच्या मंडपाचे दोन दगडी पाय पाण्यात आहेत. तळ्याच्या कोपऱ्यातल्या दगडावर उसळी मारणारा मासा कोरलाय, मार्गदर्शक दाखवेपर्यंत दिसत नाही. समोर उंचावर जुहाम्नु. १७७६ मध्ये गादीवर आलेल्या राजा जॉन्गजोने इथे क्युजांगगाक हे राजग्रंथालय सुरू केलं आणि तरुण विद्वानांना आणून बसवलं. तिथल्या पुस्तकांचा मोठा संग्रह आज सोल नॅशनल युनिव्हर्सिटीकडे आहे. जॉन्गजो दरबाऱ्यांना कविता करायला लावायचा आणि वेळेत जमली नाही तर त्याला या तळ्यातल्या बेटावर पाठवायचा, असं सांगतात. बाजूच्या यॉन्ग्ह्वादांगपुढच्या मोकळ्या जागेत राजासमोर सरकारी परीक्षा होत. मिडटर्मनंतर गेलात तर ही जागा विशेष आवडेल.

नंतर बुल्लोमुन, एकाच दगडातून कोरलेली कमान. तिच्याखालून गेलं की म्हातारपण येत नाही म्हणे, त्यामुळे सगळी फेरी तिथे रांग लावते. पुढे एर्योन्जी तळं आणि रंग न दिलेलं यॉन्ग्यॉन्ग्दांग हे घर.

ओंग्न्युचॉनचा ओढा वाटेत असेल तर तुमचं नशीब, प्रत्येक फेरी तिथवर जातेच असं नाही. बुकिंग करताना मार्ग पाहून घ्या. राजा इन्जोने १६३६ मध्ये खडक कोरून पाणी वळवलं आणि छोटा धबधबा केला. जवळच चॉन्गुइजॉन्ग आहे, राजवाड्यातला गवताने शाकारलेला एकमेव मंडप. त्याच्यापुढे अंगणाएवढं भातखाचर आहे. राजा तिथे स्वतः भात लावून पीकपाण्याचा अंदाज घ्यायचा आणि त्याच पेंढ्याने मंडप शाकारायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला तिथून हलवणं कठीण.

फोटो काढायला मागे राहिलात तर शेवटी चालणारा कर्मचारी नम्रपणे, पण ठामपणे, पुढे ढकलतो. रागावू नका. दूरचे फोटो आधी काढा, माणसं पुढे सरकली की जवळचे.

## ९. बाहेर पडल्यावर

हाम्यांगमुनमधून १,००० वॉनचं तिकीट काढून चांगग्यॉन्गगुंगमध्ये जाता येतं. जपान्यांनी १९०९ मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय केलं होतं, ते १९८० च्या दशकात हलवलं. त्या काळचं काचेचं वनस्पतिगृह अजून आहे. पाय दुखत असतील तर हे दुसऱ्या दिवसावर टाका. चांगग्यॉन्गगुंग रात्री ९ पर्यंत उघडा असतो, वर्ग संपल्यावरही जमतो.

जेवणाचं म्हणाल तर इन्सादोंग चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे शाकाहारी आणि बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण मिळतं, थोडं महाग. साध्या हॉटेलात बिबिम्बाप (भाज्या घालून कालवायचा भात) मागवताना ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हणा, म्हणजे मांस काढतात. भाज्यांच्या किम्बापमध्येही (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात) हॅम असू शकतं, किमचीत मासळीचा अर्क असतो आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणीही बहुधा सुक्या माशांचं. कडक शाकाहारी असाल तर डबा घेऊन या आणि तो राजवाड्याबाहेर खा.

## १०. आईबाबांना दाखवायचं असेल तर

पदवीदान किंवा सुट्टीला घरून कुणी येणार असेल तर बागेचं बुकिंग तुम्ही करा, त्यांच्यावर सोपवू नका. सोलचे सकाळचे १० म्हणजे भारतात साडेसहा. ते पोचतील त्याच्या दुसऱ्याच दिवशीची फेरी घेऊ नका, रात्रभरच्या प्रवासानंतर इतकं चालणं होत नाही.

बागेत चढउतार बरेच आहेत आणि एकदा फेरी सुरू झाली की मधून सोडून निघता येणं अवघड. गुडघ्यांचा त्रास असेल तर फक्त राजवाडा आणि नाक्सॉन्जे दाखवा, तेही पुष्कळ आहे. राजवाड्याच्या भागात दिवसातून ठरावीक वेळी इंग्रजीतून मोफत माहिती देणारी फेरी असते, ती सपाट जागेवरच चालते. वय ६५ च्या पुढे असेल तर पैसे देण्याआधी पासपोर्ट दाखवून सवलतीचं विचारा. आणि बुकिंगमध्ये नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाका, घरातली हाक मारायची नावं नकोत.